रबुनापेत

जो दहा हजार शिष्यांस अन्न घालून विद्या देतो तो कुलपति, ही जुनी व्याख्या आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ह्या शब्दाचा एक दूरचा भाऊबंद आर्मेनियाच्या इतिहासांत भेटला, तेव्हां आम्हांस मोठी मौज वाटली. तेथील मठांतल्या विद्यापीठाच्या मुख्य आचार्यास ‘रबुनापेत’ म्हणत. त्यांतील ‘रबुनि’ म्हणजे गुरु. हा शब्द अरामी भाषेकडला. ‘पेत’ मात्र प्राचीन इराणी भाषांतून आलेला, म्हणजे आपल्या ‘पति’चा सख्खा नातलग.

त्याच्या खालची ‘वार्दापेत’ ही पदवीदेखील सुखासुखीं हातीं पडत नसे. अध्ययन पुरें झाल्यावर गुरु शिष्यास दंड देई; तो मिळाला म्हणजे शिकविण्याचा अधिकार आला. असे वार्दापेत घडविणारा तो रबुनापेत.

स्यूनिक प्रांतांतील ग्लाद्झोरचें विद्यापीठ तेराव्या शतकाच्या अखेरीस, मोंगलांच्या अमलांत, नेर्सेस म्शेत्सीनें उभारलें. 1284 त तो वारला आणि त्याचा शिष्य एसायी न्चेत्सी गादीवर आला. त्यानें 1338 पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, तें चालविलें! व्याकरण, तत्त्वज्ञान, धर्मग्रंथांचें विवरण, पोथ्यांचें लेखन व चित्रण, सारें तेथें चाले. नक्कल पुरी करणारा लेखक आपल्या पोथ्यांतल्याप्रमाणेंच शेवटीं पुष्पिका लिही, आणि तींत एसायीचें नांव आदरानें घाली. (आमच्याकडे शाळेच्या कोनशिलेवर देणगीदार सांपडतो, मुख्याध्यापक शोधावा लागतो.)

एसायीच्या मागें ग्लाद्झोर ओसरलें, पण विद्या ओसरली नाहीं. त्याचा शिष्य होव्हान व्होरोत्नेत्सी ह्यानें तोच वारसा तातेवच्या मठांत नेला. 1386 त तो निवर्तला. पुढल्याच वर्षीं तैमूरच्या फौजा त्या मुलखांत शिरल्या. अशा धामधुमींत त्याचा शिष्य ग्रिगोर तातेवात्सी शिकवीत राहिला, आणि 1397 त त्यानें ‘प्रश्नांचा ग्रंथ’ सिद्ध केला. 1409 त त्याचा अंत झाला.

ग्लाद्झोर नेमकें कोठें होतें, ह्याविषयीं विद्वानांचें आज एकमत नाहीं. तानाहातच्या मठाकडे बोट दाखविणारे पुष्कळ आहेत. ग्रिगोरचा पुतळा मात्र येरेवानच्या हस्तलिखित-भांडारापुढें उभा आहे.