साठीनंतरच्या सवलती आणि जन्मतारखेचा घोळ

म्हातारपणी काय काय जाते याची यादी कोणालाही तोंडपाठ असते. दात जातात, नजर जाते, गुडघे कुरकुरू लागतात आणि घरात आपला शब्द पूर्वीसारखा कोणी उचलून धरत नाही. वय वाढल्याने काही मिळतेही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दवाखाना, बँक, पोस्ट, कचेरी, रेल्वे अशा बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या केसांसाठी काही ना काही राखून ठेवलेले असते. यांपैकी बहुतेक गोष्टी मागितल्याशिवाय हाती येत नाहीत, आणि मागायला गेले की पहिला प्रश्न येतो तो जन्मतारखेचा. आमच्या भागात घोडे अडते ते नेमके तिथे.

भैरवगढ हे उज्जैनच्या उत्तरेला शिप्रेच्या काठी वसलेले. बाहेरच्यांना ते काळभैरवाच्या देवळामुळे, सिद्धवटामुळे, नाहीतर मोठ्या तुरुंगामुळे ठाऊक असते. इथले छिपा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कापडावर छपाई करीत आले आहेत. उज्जैनच्या बाटिक छपाईला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वस्तीबाहेर काळी जमीन, तीत पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा. छपाईवाला असो की शेतकरी, त्याला निवृत्तीचे वय नसते. नोकरदाराला एक दिवस हार घालून घरी पाठवतात, कारण त्याची जन्मतारीख कचेरीच्या दफ्तरात पक्की नोंदलेली असते. शेतकऱ्याला हार कोणी घालत नाही, आणि त्याची तारीखही आयुष्यभर कोणी विचारलेली नसते.

मग वय विचारले की उत्तर येते सिंहस्थाच्या हिशेबाने. "ऐंशीच्या सिंहस्थाला आमचं लग्न झालं. तेव्हा मी वीसचा असेन, नाहीतर पंचवीसचा." हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1980, 1992, 2004, 2016 ही सिंहस्थाची वर्षे जुन्या माणसांच्या बोटांवर असतात. पण वीस आणि पंचवीस यांतला फरक म्हणजे सत्तरी 2025 साली की 2030 साली, एवढा मोठा. आधार कार्ड काढताना ज्यांनी नुसते साल सांगितले, त्यांच्या कार्डावर 1 जानेवारी ही तारीख पडली. ज्यांना शाळेचा दाखला आहे त्यांचीही गत फार वेगळी नाही. गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख लिहिली. महाराष्ट्रात ती बहुधा 1 जून, इकडे 1 जुलै. जुन्या पिढीतील निम्मी माणसे एकाच दिवशी जन्माला आली की काय, असे वाटावे!

आता या तारखेवर काय अवलंबून आहे ते पाहू.

सर्वांत मोठी गोष्ट दवाखान्याची. आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली तेव्हा ती गरीब कुटुंबांसाठी होती. 29 ऑक्टोबर 2024 पासून मात्र वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला तिचे दार उघडले. उत्पन्न कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे वीस बिघे जमीन आहे त्यालाही मिळते आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही. कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार विनामूल्य होतो. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. ज्या घराला आधीच गरीब म्हणून कार्ड आहे, त्या घरातील सत्तरीपुढच्यांसाठी आणखी 5 लाख वेगळे. जुना आजार आहे म्हणून नकार नाही आणि थांबण्याची मुदतही नाही. खाजगी विमा उतरवला असला तरी हे कार्ड काढता येते.

मर्यादाही नीट समजून घ्यावी, कारण गैरसमज इथेच होतात. रुग्णालयात दाखल व्हावे लागते, आणि ते रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते. रक्तदाबाची वा साखरेची रोजची गोळी यातून मिळत नाही, डॉक्टरला नुसते दाखवून येण्याचा खर्चही नाही. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधे मात्र धरलेली असतात. वय पाहतात ते आधार कार्डावरचे. म्हणजे तुमची सत्तरी घरच्यांच्या मते तीन वर्षांपूर्वी झाली असेल, पण कार्डावर साल पुढचे पडले असेल, तर तुम्ही अजून सत्तरीचे नाहीत.

आमच्याकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात, त्यावरून सांगतो. बहुतेक घरांत या कार्डाची आठवण होते ती म्हातारा माणूस न्हाणीघरात घसरून मांडीचे हाड मोडल्यावर. मग एक मुलगा रुग्णालयात, दुसरा कार्डासाठी केंद्रावर, आणि तिथे अंगठ्याचा ठसा जुळत नाही. आयुष्यभर रंगात आणि गरम मेणात बुडालेली बोटे, नाहीतर विळ्या-खुरप्याने घासलेली; ठसा उमटणार कसा? डोळ्यांच्या बाहुल्यांवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवता येते, पण त्यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. हे सारे धडधाकट असताना, सोयाबीन काढून झाल्यावर दोन दिवस रिकामे मिळतात तेव्हा करून ठेवावे. (आणि न्हाणीघरातला गुळगुळीत दगड काढून तिथे खडबडीत फरशी बसवावी, ती कोणत्याही कार्डापेक्षा स्वस्त पडते.)

वय जास्त लागले तर बरेच, असे कोणी समजू नये. आमच्या मध्य प्रदेशात 2023 मध्ये लाडली बहना योजना सुरू झाली. प्रारंभी महिना 1000 रुपये, त्याच वर्षी 1250, पुढे आणखी वाढ. ही रक्कम साठ वर्षांच्या आतील स्त्रीला मिळते. साठ पूर्ण झाली की बंद. त्यानंतर ती वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाकडे वळू शकते, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेखालचे कार्ड वगैरे अटी आहेत, आणि रक्कमही कमी. ज्या बाईचे वय कागदावर तीन वर्षांनी वाढवून लिहिले गेले, तिची ही मदत तीन वर्षे आधी तुटते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की तारीख खरी असावी. सोयीप्रमाणे पुढे-मागे ओढलेली तारीख एका खिडकीवर फायद्याची ठरते आणि पुढच्या खिडकीवर नडते. शिवाय आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

वृद्धांच्या निवृत्तिवेतनाबद्दल आम्हाला फार चांगले लिहिता येत नाही. केंद्र सरकारने ते 1995 मध्ये दरमहा 75 रुपयांनी सुरू केले. पुढे ते 200 झाले आणि तिथेच थिजले; ऐंशी वर्षांपुढे 500. राज्याची भर पडून मध्य प्रदेशात 2019 मध्ये ते 600 रुपयांवर आले. एवढ्या पैशांत गव्हाचे पीठ, तेल आणि चहा महिनाभर पुरवून दाखवावा, असे आव्हान कोणीतरी द्यायला हवे. तरीही ज्यांना लागू आहे त्यांनी ते सोडू नये. सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, एवढे तरी त्यात आहे.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षक, रेल्वे कर्मचारी मंडळींना एक गंमत पुष्कळदा ठाऊक नसते. केंद्राच्या नियमाप्रमाणे ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट! दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे रांगेत ताटकळावे लागत नाही. ठेवींवर बहुतेक बँका ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त व्याज देतात. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर दर तिमाहीला ठरतो. एप्रिल 2023 मध्ये तो 8.2 टक्के झाला. मतदानासाठीही पंच्याऐंशी वर्षांपुढच्यांना 2024 पासून घरबसल्या मत देता येते.

आता प्रवासाचे. इथे एक सवलत हातची गेली. साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना 50 टक्के अशी रेल्वेभाड्यातील सूट 20 मार्च 2020 रोजी साथीच्या काळात थांबवली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत भरून धावू लागल्या, सूट तेवढी परतली नाही. आमच्या मते हे बरे झाले नाही. तोटा भरून काढायला म्हाताऱ्यांचाच खिसा सापडावा हे नवल आहे. खालचा बर्थ मिळण्याची सोय मात्र चालू आहे. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखलेले असतात. तिकीट काढताना खरे वय लिहावे, एवढेच. कित्येक आजीबाई तिथेही पाच-सात वर्षे कमी सांगतात आणि मग रात्री वरच्या बर्थकडे पाहत बसतात.

बसची तऱ्हा वेगळी. मध्य प्रदेशचे परिवहन महामंडळ 2005 मध्येच बंद पडले, तेव्हा खाजगी गाडीवाल्याकडे सवलत मागून उपयोग नाही. महाराष्ट्रातील एसटीने मात्र ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत केला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट. उन्हाळ्यात भुसावळला नाहीतर नाशिकला जाणारे आमचे वाचक हे पाहून येतात आणि हळहळतात. ही सोय महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आणि त्या राज्याच्या हद्दीपुरती आहे. भुसावळच्या आत्याबाईंना मिळते ते उज्जैनच्या मामांना मिळेलच असे धरून चालू नये.

आपल्या राज्यात याच्या बदली एक चांगली गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहिती दिसते. 2012 पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेतून साठीपुढच्यांना सरकारी खर्चाने यात्रा घडवतात. स्त्रियांना वयात दोन वर्षांची सूट आहे. आयकर भरणाऱ्यांना ती लागू नाही. रामेश्वर, जगन्नाथपुरी, शिर्डी, अजमेर, अमृतसर यांच्याबरोबर यादीत तमिळनाडूतील वेलंकणीही आहे. तेव्हा ही योजना आपल्यासाठी नव्हे, असे समजून जे अर्जच करीत नाहीत त्यांनी हे लक्षात घ्यावे. कोणत्या वर्षी गाडी कुठे जाईल हे शासन ठरवते, आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. पासष्टीपुढचा माणूस एकटाच निघणार असेल तर सोबतीला मदतनीस नेण्याची तरतूदही नियमात आहे.

शेतकरी बंधूंना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सवलत म्हणून कोणी मोजत नाही, पण आम्हाला ती साऱ्या सवलतींहून वजनदार वाटते. जमीन मुलांच्या नावे करून देण्याची घाई आपल्याकडे फार. सातबारा असो की इकडचा खसरा, नाव चढले की बापाचे ताट ओसरीवर येते, असे प्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23 व्या कलमाने याला उपाय ठेवला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर साठीपुढच्या माणसाने जमीन वा घर बक्षीस दिले आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. आपल्याच राज्यात छत्रपूरच्या एका आईने 2019 मध्ये मुलाला घर लिहून दिले होते. उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध निकाल गेला, कारण अट बक्षीसपत्रात नव्हती. 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि घराचा ताबा तिला परत देण्यास सांगितले. तरी एवढ्या वरपर्यंत जाण्याची पाळी येऊ नये म्हणून ज्यांना लिहून द्यायचेच आहे त्यांनी अन्न, औषध आणि राहण्याची जागा देण्याची अट बक्षीसपत्रातच घालून घ्यावी. मुलगा चांगला असेल तर त्याला त्या ओळीचा राग येणार नाही.

राहिला तारखेचा प्रश्न. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद बहुधा सरकारदरबारी सापडत नाही. आपल्याकडे बाप्तिस्म्याची नोंदवही असते आणि तीत पुष्कळदा जन्मतारीखही लिहिलेली असते. आयुर्विमा महामंडळ असा दाखला वयाचा पुरावा म्हणून मानते. सगळ्याच कचेऱ्या मानतील असे नाही, पण खरी तारीख कोणती हे तरी त्यावरून ठरते, आणि मग बाकीचे कागद तिच्याशी जुळवता येतात. ज्यांचा बाप्तिस्मा महाराष्ट्रातील गावी झाला त्यांनी गावाचे नाव, आईवडिलांची नावे आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून आमच्याकडे द्यावे. साल आठवत नसेल तर सिंहस्थ सांगितला तरी चालेल. तिथल्या धर्मग्रामाला पत्र आम्ही लिहू.