नवसागराचा धूर

साताऱ्याला आमच्या वाड्यात दिवाळीआधी कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून तो कोळसे पेटवायचा, भाता जोडायचा. माझी नजर मात्र त्याच्या पोराकडे असायची. पातेल्यात वाळू टाकून तो आत उभा राहायचा आणि भिंतीचा आधार घेऊन कमरेतून गरगर फिरायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. तांबं आतून लाल दिसेपर्यंत त्याची सुटका नसे. नंतर कल्हई चढायला दोन-चार मिनिटं पुरत.

पुढे मी धातुशास्त्राची प्राध्यापक झाले आणि बत्तीस वर्षं पृष्ठभागांवरच्या लेपांचंच संशोधन केलं. तेव्हा कळलं, की खरं शास्त्र त्या पोराच्या पायाखाली होतं.

तापलेल्या तांब्यावर नवसागर भुरभुरला की पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकतो. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारं कथील कापसाच्या बोळ्याने सहज पसरतं. पापुद्रा राहिला, तर कथलाचे मणी होतात. द्रव पसरणार की त्याचा मणी होणार, हे त्याच्या कडेला पृष्ठभागाशी होणाऱ्या कोनातून दिसतं; थॉमस यंग यांनी हा विचार १८०५ मध्ये मांडला. उघड्या तांब्याला कथील भिडलं, की सीमेवर दोघांचं मिळून एक नवं संयुग तयार होतं. कल्हई तांब्यात रुजते ती अशी.

हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल मिळतात. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो), पण कडकपणा खालच्या पोलादाच्या दुपटीहून अधिक. निर्वात केलेल्या पात्रात टायटॅनियमचे अणू उडवायचे, नायट्रोजन सोडायचा, आणि थर बसतो. पण त्याआधी आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पोलादावरचा ऑक्साइड झाडावा लागतो. हे नवसागराचंच काम.

एका वर्षी आमचे थर सोलून निघू लागले. चार महिने आम्ही दाब बदलला, तापमान बदललं, व्होल्टेज बदललं. माझ्या विद्यार्थिनीने पीएचडी सोडायचं मनात आणलं होतं. दोष शेवटी यंत्राबाहेर सापडला. धुतलेले नमुने आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवत होतो आणि त्या हवेबरोबर तेलाचे बारीक तुषार येत होते. चार महिन्यांत घासण्या-धुण्याकडे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आजही ते मला लागतं.

नंतरची वर्षं उलट प्रश्नात गेली: पाणी मुळीच पसरणार नाही असा लेप. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचं रहस्य सविस्तर मांडलं. पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म स्फटिक. थेंब टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, कोन १५० अंशांपलीकडे जातो आणि घरंगळताना थेंब धूळही घेऊन जातो. आपलं अळूही याच जातकुळीचं. अळवावरचं पाणी आपण क्षणभंगुर म्हणतो, पण अळूचं पान बोटाने चोळून पाहा: मेण पुसलं जातं आणि पाणी चिकटून बसतं. पान जिवंत असतं, ते नवं मेण घडवू शकतं. आमच्या लेपांना ती सोय नाही. म्हणून थेंब घरंगळतानाच्या सुंदर फोटोवर मी कधी सही केली नाही; आधी तो नमुना फडक्याने शंभर वेळा पुसा, मग बोलू.

निवृत्तीनंतरही नव्या मुलांचा पहिला तास मी मागून घेते. प्रत्येकाला पोलादाची एक पट्टी, पॉलिश पेपर आणि साबण. पट्टी नळाखाली धरायची. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पट्टी स्वच्छ. कुठे फाटला तर तिथे तेल आहे, बहुधा स्वतःच्याच अंगठ्याचं. गेल्या जुलैत चौदांपैकी अकरा जण परत घासायला बसले.