चार बोटांची फट

२०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि त्याची देशभर बातमी झाली. हे शहर ओळखणाऱ्यांना तिचं फारसं नवल वाटलं नाही. वाळूजला ऐंशीच्या दशकापासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या एंड्युरन्सचं मुख्यालयही वाळूजलाच. गाडीवर तासभर बोलायला इथे माणूस शोधावा लागत नाही. साहजिकच जुनी ऑक्टाव्हिया किंवा लॉरा हाती आली की ती ‘लो’ करायची हौसही येते. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं मावतात, ती दोनवर आणायची.

दिसायला गाडी देखणी होते, यात वाद नाही. पण तीच गाडी रोज सिडकोतून वाळूजला आणि सुट्टीत घरच्यांना घेऊन वेरूळला न्यायची असेल, तर ही दोन बोटं कुठून कमी होतात ते आधी समजून घ्यावं.

प्रवासाची शिल्लक

खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर सरकतं. ते जितकं सरकू शकतं, त्याला सस्पेन्शनचा प्रवास म्हणतात. साध्या सेडानमध्ये वरच्या दिशेला साधारण आठ-दहा सेंटीमीटर जागा असते. तिच्या शेवटी बंप स्टॉप नावाचा रबर किंवा फोमचा ठोकळा असतो. गाडी चार सेंटीमीटर खाली बसवली, तर जवळजवळ निम्मी जागा घराबाहेर पडण्याआधीच खर्च झालेली असते.

आता गणित असं, की तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चौपट कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कुणी बसवत नाही, बसवली तर कंबर राहणार नाही. बाजारातल्या लो स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोड्याच कडक असतात. त्यामुळे उरलेला दणका बंप स्टॉपवर जातो आणि तिथून स्ट्रटच्या माउंटिंगवर, बॉडीवर आणि आपल्या पाठीवर.

मराठवाड्याची काळी माती यात भर घालते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा एकही नसला, तरी ऐंशीच्या वेगात अशा दोन-तीन लाटा लागोपाठ आल्या की उरलासुरला प्रवास संपतो.

बरं, मोबदल्यात मिळतं काय? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर धरला आणि गाडी तीन सेंटीमीटर खाली आणली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. वळणावर गाडी ‘चिकटून’ चालल्यासारखी वाटते, त्याचं बरंचसं श्रेय कडक स्प्रिंग आणि चांगल्या शॉकअपचं असतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत फार खाली गेल्यावर लोअर आर्मचा कोन बिघडतो आणि कडक स्प्रिंगनेही कलणं अपेक्षेइतकं कमी होत नाही.

ग्राइंडर आणि गरम सळई

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापणे. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला की ती वीस टक्के कडक होते आणि गाडी खाली येते. इथवर ठीक. पण मूळ स्प्रिंगचं टोक खालच्या बशीत नीट बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. जॅकवर गाडी उचलली किंवा चाक खोल खड्ड्यात लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होते, बशीतून सरकते. गॅसने तापवून स्प्रिंग ‘बसवणं’ त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढेही खचत राहते किंवा मोडते.

दुसरा मार्ग तयार लो स्प्रिंगचा. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग विशिष्ट मॉडेल आणि अॅक्सलवरच्या वजनानुसार मिळतात. डिझेल इंजिन जड म्हणून त्याची स्प्रिंग वेगळी. इथे एक मेख आहे. डब्यावरचे ‘३० मिलिमीटर’ युरोपातल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेले असतात. आपल्याकडच्या अनेक गाड्या खराब रस्त्यांसाठी कारखान्यातूनच उंच येतात. तीच स्प्रिंग इथल्या गाडीत टाकली की ती तीसपेक्षा जास्त खाली बसते. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी टेपने मोजावं आणि दुकानदाराला ‘किती खाली जाईल’ऐवजी ‘किती उंचीवर थांबेल’ असं विचारावं.

लो स्प्रिंगला जोडीचा शॉकअपही आखूड लागतो. बिलस्टाइनचे बी-६ मूळ उंचीसाठी आणि बी-८ लो स्प्रिंगसाठी असतात, ते याच कारणाने. लाखभर किलोमीटर पळालेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर गाडी एका उंचवट्यावर तीनदा उसळते. कॉइलओव्हरमध्ये उंची चुड्या फिरवून बदलता येते. मात्र आपल्या धुळीत आणि चिखलात त्या चुड्या साफ ठेवल्या नाहीत तर जाम होतात. काहीही बसवलं तरी नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा तपासून घेणं भागच आहे, नाहीतर टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात.

गतिरोधकाची परीक्षा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असतो. २.६ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली, तरी चाकं त्याच्याच उतारावर असतात आणि दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर माथा जेमतेम पाच सेंटीमीटर येतो. अशा गतिरोधकावर लो गाडीही सहज जाते. पण गल्लीत रातोरात उभा राहणारा, तेवढाच उंच पण अर्धाच मीटर रुंद उंचवटा वेगळा. पुढची चाकं पलीकडे उतरली की पूर्ण दहा सेंटीमीटर गाडीच्या पोटाखाली येतात.

आता हिशेब मांडू. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर धरा. चार माणसं आणि सामान भरल्यावर ३५ गेले, उरले १३५. गाडी २५ ने खाली आणली, तर ११० उरतात आणि हा गतिरोधक सुटतो. ४० ने आणली, तर उरतात ९५ आणि चेंबर किंवा सायलेन्सर घासतो. वरच्या पंधरा मिलिमीटरांसाठी रोज गाडी तिरकी काढायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शहराजवळच्या सावंगीला त्यावर चढलं की खाली बसवलेली गाडी खरोखर मजा देते. पण सस्पेन्शन निवडताना घरापासून सावंगीपर्यंतचा रस्ता धरावा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. अपघातानंतर बदल कळवून उपयोग नसतो.

पैसे आधी कुठे?

जुन्या गाडीत आधी बुश, लोअर आर्म आणि स्ट्रटची माउंटिंग बदला. मग चांगले टायर, मग मूळ उंचीचे दर्जेदार शॉकअप. एवढ्यात गाडी इतकी सुधारते, की बऱ्याच जणांची लो करायची इच्छा तिथेच भागते. त्यानंतरही दोन बोटं खुपत असतील, तर पंचवीस मिलिमीटरपर्यंत, जोडीच्या शॉकअपसह आणि भरलेल्या गाडीच्या मापावर जा. त्याखाली जायची हौस असेल, तर त्यासाठी दुसरी गाडी ठेवा; घरच्यांना न्यायची गाडी आहे तशी राहू द्या.