लोंबोकची राख, पुण्याचं विराटपर्व

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात खोलवर छिद्र पाडून शास्त्रज्ञ बर्फाचे लांबलचक दंडगोल बाहेर काढतात. त्यांत वर्षावर्षाचे थर असतात. १२५८-५९च्या सुमाराच्या थरात गंधकाचं प्रमाण अचानक उसळलेलं दिसतं, आणि तेही पृथ्वीच्या दोन्ही टोकांना. याचा अर्थ उघड होता. विषुववृत्ताच्या आसपास कुठे तरी एक भयंकर ज्वालामुखी फुटला होता. पण कुठे? मेक्सिकोपासून न्यूझीलंडपर्यंत अनेक डोंगरांवर संशय घेऊन झाला आणि या शोधात जवळजवळ तीस वर्षं गेली.

२०१३ साली फ्रांक लाविन्य या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाच्या गटाने उत्तर जाहीर केलं. बालीच्या पूर्वेला लोंबोक नावाचं बेट आहे. तिथल्या रिंजानी पर्वताच्या शेजारी सामालास नावाचा दुसरा डोंगर होता. तो १२५७ साली फुटला आणि डोंगर म्हणून उरलाच नाही. आज त्या जागी एक प्रचंड खळगा आहे आणि त्यात एक तळं. तळ्याचं नाव सेगारा अनाक. अनाक म्हणजे मूल आणि सेगारा म्हणजे आपला सागर. सागराचं पोर!

पुरावे बहुतेक अपेक्षित असेच होते : प्युमिस दगडाचे थर, जळक्या लाकडाचं कार्बन कालमापन, राखेचं रसायन. अनपेक्षित पुरावा होता ताडपत्रांचा. ‘बाबाद लोंबोक’ या जुन्या जावानीज भाषेतल्या बखरीत डोंगर कोसळल्याचं, घरं वाहून गेल्याचं, माणसं समुद्रात लोटली गेल्याचं आणि पामातान नावाच्या राजधानीचा नाश झाल्याचं वर्णन आहे. बखर आपण दंतकथा म्हणून बाजूला ठेवतो. इथे तीच बखर रसायनशास्त्राच्या तक्त्याशेजारी साक्षीला उभी राहिली.

‘इंडोनेशिया अभ्यास’ या नावाने जगभर ज्या परिषदा भरतात, त्या का भरतात, हे विचारणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगेन. बर्फाचा अभ्यासक बाबाद वाचू शकत नाही. बाबाद वाचणारा जन्मात कधी बर्फाकडे बघत नाही. दोघांची गाठ पडायची तर कोणी तरी एका छपराखाली चहा ठेवावा लागतो.

आपल्याकडच्या परिषदा विषयाच्या असतात : इतिहास परिषद, अर्थशास्त्र परिषद. इथे विषय देश असतो. सतरा हजारांवर बेटं, सातशेहून जास्त भाषा, अठ्ठावीस कोटींच्या घरातली वस्ती. साहजिकच कार्यक्रमपत्रिका म्हणजे आठवड्याचा बाजार. एका खोलीत सुमात्रातलं पामतेल, शेजारच्या खोलीत पापुआतल्या एखाद्या भाषेची क्रियापदं, पलीकडे इस्लामी शाळांचा अभ्यासक्रम, आणि कोपऱ्यातल्या लहान खोलीत जाकार्ता दरवर्षी किती खचते याचे आलेख. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. अध्यक्ष ‘पाच मिनिटं’, ‘एक मिनिट’ अशा चिठ्ठ्या दाखवणार आणि वक्ता त्यांच्याकडे न पाहण्याची कला दाखवणार. यातलं निम्मं ऐकण्यासारखं नसतं, हे कबूल करायला हवं. चांगल्या संयोजकाची परीक्षा खोल्यांच्या वाटपात असते. त्याने भाताच्या अर्थशास्त्रज्ञाला देवळांच्या मानववंशशास्त्रज्ञाशेजारी बसवलं, तर काही तरी घडण्याची शक्यता असते.

भात आणि देऊळ हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. बालीत डोंगरउतारावरच्या खाचरांना पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेला सुबाक म्हणतात. अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांत तिचा उल्लेख सापडतो. कोणत्या सुबाकने पाणी कधी घ्यायचं आणि शेत कधी पडीक ठेवायचं, याचा मेळ जलमंदिरांतून घातला जातो. १९७०च्या दशकात हरितक्रांती आली. नवं बियाणं घ्या, जमेल तितक्या वेळा पेरा, देवळातल्या तारखा विसरा, असं सरकारी धोरण ठरलं. मग पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तुडतुड्यांनी भात फस्त केला. स्टीफन लान्सिंग हा मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा या देवळांचा अभ्यास करत होता. त्याने जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाला सोबत घेतलं आणि दोन नद्यांकाठच्या १७२ सुबाकांचं संगणकावर प्रारूप तयार केलं. शेजारच्या सुबाकांनी एकाच वेळी शेतं पडीक ठेवली तर किडीला खायला काही उरत नाही. पण सगळ्यांनीच एकदम पेरलं तर पाणी पुरत नाही. या दोन टोकांमधला सुवर्णमध्य संगणकाने काढला, आणि तो देवळांच्या जुन्या घडीशी बऱ्यापैकी जुळला. २०१२ साली सुबाकचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला.

आपल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीची इथे आठवण येते. तिथेही पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं हे पाटकरी बघतो, आणि एका फडात एकच पीक घ्यायचं हा दंडक असतो. देवळाची सत्ता तेवढी तिथे नाही.

या परिषदांमधली सर्वांत नेमाने भरणारी म्हणजे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतली ‘इंडोनेशिया अपडेट’. ती १९८३पासून भरते. तिचं मूळ १९६५ साली हाइन्झ आर्न्ट या अर्थशास्त्रज्ञाने उभ्या केलेल्या प्रकल्पात आहे. त्या सुमाराला इंडोनेशियाची महागाई वर्षाला सहाशे टक्क्यांच्या वर जात होती. शेजाऱ्याच्या घराला आग लागल्यावर माणूस जसा गच्चीत येऊन बघतो, तसा ऑस्ट्रेलिया बघत होता. अपडेटचा साचा ठरलेला आहे. आधी वर्षभराचं राजकारण आणि अर्थकारण, मग त्या वर्षाचा एखादा विषय, आणि पुढे त्यावर पुस्तक. शिस्त वाखाणण्याजोगी आहे, पण त्या शिस्तीच्या तळाशी शेजाऱ्याची काळजी आहे, निव्वळ कुतूहल नाही.

आणि हा नुसता ऑस्ट्रेलियाचा दोष नाही. इंडोनेशियाचा अभ्यास सुरू झाला तोच राज्य करणाऱ्यांच्या गरजेतून. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच विद्वानांची संस्था १७७८ साली निघाली, नेदरलंड्समधली मोठी संशोधन संस्था १८५१ साली. अफाट काम झालं, यात वाद नाही. पण ते जहाजावरून किनारा बघावा तसं होतं, ही तक्रार याको व्हान लेउर या तरुण डच इतिहासकारानेच १९३०च्या दशकात केली. आशियाचा व्यापार युरोपीय यायच्या आधीपासून आपल्या पायावर उभा होता, हे त्याचं म्हणणं. १९४२च्या जावा समुद्रातल्या लढाईत तो मारला गेला. पुढच्या दोन पिढ्या त्याच्याशी वाद घालत बसल्या, याहून मोठी पावती कोणती?

पुन्हा लोंबोककडे येऊ, कारण ज्ञान आणि सत्ता यांचा गुंता तिथे फार स्पष्ट दिसतो. १८९४ साली डच फौजेने लोंबोकच्या बालीवंशीय राजावर स्वारी केली. चाक्रानगराचा वाडा पडला, जळाला, लुटला गेला. फौजेबरोबर ब्रांडेस नावाचा एक भाषापंडित होता. त्याने वाड्यातली ताडपत्रं वाचवली. त्यांत प्रपंच कवीचं १३६५ सालचं ‘नागरकृतागम’ काव्य निघालं. माजापाहित या जावाच्या जुन्या साम्राज्याचं इतकं जवळून केलेलं वर्णन दुसरं नाही. ब्रांडेस नसता तर ते राख झालं असतं. फौज नसती तर वाडाच जळला नसता! दोन्ही विधानं खरी आहेत, आणि परिषदेत वक्ता कोणतं विधान आधी करतो यावरून त्याचं घराणं ओळखता येतं.

ती पोथी १९७०च्या दशकात डचांनी इंडोनेशियाला परत दिली. वाड्यातलं सोनंनाणं, दागिने मात्र बराच काळ अडकून राहिले. २०२३ साली नेदरलंड्सने ४७८ वस्तू परत केल्या, त्यांतल्या ३३५ या लोंबोकच्या खजिन्यातल्या होत्या.

पोथीने स्वतःचं राजकारणही केलं. प्रपंचाने माजापाहितला मान देणाऱ्या प्रदेशांची लांबलचक यादी दिली आहे. स्वातंत्र्यचळवळीतले कवी-पुढारी मोहम्मद यामिन यांनी त्या यादीत भावी राष्ट्राचा नकाशा वाचला. स्वातंत्र्यानंतर, डिसेंबर १९५७मध्ये, योग्याकार्ताला पहिली राष्ट्रीय इतिहास परिषद भरली. माझ्या मते ही या विषयातली खरी पहिली परिषद, कारण इथे अभ्यासाचा विषय असलेली माणसंच व्यासपीठावर होती. यामिन म्हणत होते की राष्ट्राला उभं करील असा इतिहास लिहा. त्यांच्यासमोर पस्तिशीतले सुजात्मोको उभे राहिले. गौरवासाठी इतिहास वाकवू नका, असा त्यांचा इशारा होता. राष्ट्राचं वय तेव्हा पुरतं बारा वर्षं. एवढ्या कोवळ्या वयात, एवढ्या उघडपणे हा वाद घालणारे देश फार नाहीत. आपण अजून तो नीट घातलेला नाही.

पण आठ-नऊ वर्षांतच इंडोनेशियात वाद घालायची सोय राहिली नाही. १ ऑक्टोबर १९६५च्या पहाटे सहा सेनापती मारले गेले. सैन्याने साम्यवादी पक्षाला दोषी धरलं आणि पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसांची कत्तल झाली, असं बहुतेक अभ्यासक धरतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज केहिन यांनी १९५४ साली आधुनिक इंडोनेशियाच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला होता. तिथले बेनेडिक्ट अँडरसन, रूथ मॅकव्हे आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १९६६मध्ये एक टिपण लिहिलं : सेनापतींच्या हत्येचा प्रकार मुळात सैन्यातल्या आपापसातल्या भांडणातून झालेला दिसतो. टिपण मोजक्या लोकांतच फिरवायचं होतं. ते फुटलं. अँडरसनना १९७२ साली इंडोनेशियातून बाहेर काढण्यात आलं आणि १९९८मध्ये लष्करशहा सुहार्तोंची सत्ता जाईपर्यंत त्यांना परत जाता आलं नाही. त्या वनवासात त्यांनी राष्ट्रवादावर लिहिलेलं ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ जगभर गेलं. जावा त्यांना मिळाली ती शेवटी : डिसेंबर २०१५मध्ये ते पूर्व जावातल्या बातू गावी वारले.

सुहार्तोंच्या त्या बत्तीस वर्षांत इंडोनेशियाविषयी मोकळं बोलायची जागा इंडोनेशियाबाहेरच होती. पुढे दारं उघडली. आशिया अभ्यासकांचं मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन २०२४ साली थेट सुराबायात भरलं. तरी एक फट राहतेच. परदेशातल्या व्यासपीठावर निबंध इंग्रजीत लागतो. मकासरच्या किंवा आचेच्या अभ्यासकाला प्रवासखर्च, व्हिसा आणि परकी भाषा हे तीन डोंगर आधी चढावे लागतात. चहाच्या सुट्टीत मात्र खोली पालटते. डच, ऑस्ट्रेलियन, जपानी मंडळी बाहासा इंडोनेशियात शिरतात आणि मघाशी गप्प बसलेला आचेचा पोरगा सगळ्यांच्या चुका काढू लागतो.

मराठी माणसाने अशा परिषदेची इंडोनेशियन भाषेतली छापील पत्रिका हातात घेतली तर त्याला आधी घरी आल्यासारखं वाटेल, आणि मग ठेच लागेल. वर लिहिलेलं ‘आचारा’ म्हणजे कार्यक्रम. ‘बिचारा’ म्हणजे बोलणं, म्हणून वक्ता ‘पंबिचारा’. आपला विचार तिकडे जाताजाता तोंडावाटे बाहेर पडला. ‘काता’ म्हणजे शब्द, कथा नव्हे. विद्यार्थी ‘महासिस्वा’, ग्रंथालय ‘पर्पुस्ताकाआन’, पदवीदान ‘विसुदा’. खजिनदाराला ‘बंदाहारा’ म्हणतात, ते आपलं भांडार.

इथे आपला हात चटकन मिशीवर जातो : बघा, आमचंच सगळं! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्याच्या ‘बृहत्तर भारत’वाल्या इतिहासकारांनी तर जावाला भारताची वसाहतच म्हणून टाकलं. अभ्यास मोठा, निष्कर्ष उतावळा. जावाने शब्द उचलले तसे त्यांचे अर्थ स्वतः ठरवले. आणि देणंघेणं एकतर्फी नव्हतं, याचा पुरावा पुण्यातच आहे.

पूर्व जावाचा राजा धर्मवंश तेगुह याच्या काळात महाभारताची पर्वं जुन्या जावानीज गद्यात उतरवली गेली. त्यांतल्या ‘विराटपर्व’च्या दरबारी वाचनाच्या तारखा ग्रंथातच आहेत : १४ ऑक्टोबर ९९६ला सुरुवात, १२ नोव्हेंबरला समाप्ती. गद्याच्या अधूनमधून मूळ संस्कृत श्लोकांचे तुकडे आहेत. आता भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी महाभारताची चिकित्सक आवृत्ती करत होते, तेव्हा त्यांच्यापुढे हस्तलिखितांचे ढीग होते, पण ती बहुतेक गेल्या चार-पाचशे वर्षांतली. दहाव्या शतकाच्या अखेरीला महाभारतात काय होतं, हे पडताळायला जावाची ही पर्वं साक्षीदार म्हणून वापरली गेली. भारताचं महाभारत नीट लावायला पुण्याला जावाकडे पाहावं लागलं.

चिकित्सक आवृत्तीतलं विराटपर्व १९३६ साली निघालं. त्याचे संपादक रघुवीर. त्यांची संस्था पुढे नागपुरात होती, आणि तिथूनच १९५२ साली यान खोंडा या डच पंडिताचं ‘संस्कृत इन इंडोनेशिया’ प्रसिद्ध झालं, १९५७ साली सुदर्शना देवींनी संपादित केलेलं ‘वृहस्पतितत्त्व’ हे जुनं जावानीज तत्त्वज्ञान. एके काळी या अभ्यासातली महत्त्वाची पुस्तकं नागपूरच्या पत्त्यावर छापली जात होती! पुढे संस्था दिल्लीला गेली आणि तो पत्ता पुसला गेला. आज मुंबई-पुण्याहून बालीला विमानं भरभरून जातात. जुनी जावानीज शिकायची कोणाला हौस आली तर त्याने मात्र लायडन किंवा योग्याकार्ता गाठावं. योग्याकार्तातच राहून झुटमुल्डर या डच जेझुइट पाद्र्याने या भाषेचा कोश केला, तो १९८२ साली आला. पंचवीस हजारांवर नोंदी, त्यांतल्या जवळपास निम्म्या संस्कृतातून आलेल्या. तो उलगडायला संस्कृत जाणणारी माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे पुष्कळ आहेत.

लोंबोकमध्ये एक काम अजून शिल्लक आहे. पामातान सापडलेलं नाही. बाबादमध्ये नाव आहे, बर्फात राखेची साक्ष आहे, पण गाव नेमकं कुठे गाडलं गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. त्या बेटावर लोक प्युमिस खणून विकतात. एखाद्या दिवशी कोणाची कुदळ जोत्याला लागेल. तेव्हा त्या खड्ड्याकाठी खाणमालक, पुराणवस्तुवाला, बाबाद वाचणारा, राखेचा रसायनतज्ज्ञ आणि गावचा मौलवी एकाच वेळी येऊन उभे राहतील, आणि पहिला दिवस तरी कोणी कोणाचं ऐकणार नाही.