भाजणीसाठी कोळसा घेताना



पावसाळ्यात रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजून विकणं, थंडीत पाहुण्यांसाठी शेतावर हुरड्याचा बेत ठेवणं, अंगणात वांगी, मासळी किंवा कोंबडी निखाऱ्यावर भाजून देणं, हा आता बऱ्याच ठिकाणी शेतीचा जोडधंदा झाला आहे. या धंद्यात मालाबरोबर कोळशावरही खर्च होतो. पण बियाणं घेताना आपण जशी पारख करतो, तशी कोळसा घेताना करत नाही. पोतं उचलतो, वजन करतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. मग शेगडी धुमसते, कणीस काळं पडतं, गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून आज कोळशाची पारख कशी करायची ते पाहू.

कोळसा म्हणजे काय?

लाकूड मोकळ्या हवेत जाळलं की राख उरते. तेच लाकूड मातीनं लिंपलेल्या भट्टीत, अगदी थोड्या हवेत तापवलं की त्यातलं पाणी आणि धूर करणारे पदार्थ निघून जातात आणि कोळसा उरतो. यालाच आपण लोणारी कोळसा म्हणतो. तो चांगला भाजलेला असेल तर जळताना धूर जवळजवळ करत नाही. वजनास वजन धरलं तर वाळल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो. मात्र साध्या मातीच्या भट्टीत १ किलो कोळशासाठी ५ ते ८ किलो लाकूड लागतं. म्हणजे एक पोतं कोळसा वाया घालवणं म्हणजे गाडीभर लाकूड वाया घालवणं.

कोणत्या कामाला कोणता कोळसा?

१) बाभूळ, वेडी बाभूळ यांसारख्या कठीण लाकडाचा कोळसा जड असतो. पेटायला वेळ लावतो, पण निखारा बराच वेळ टिकतो. दिवसभर चालणाऱ्या कणसाच्या गाडीला आणि मांस-मासळी भाजायला हाच घ्यावा.

२) आंबा, पांगारा अशा मऊ लाकडाचा कोळसा हलका असतो. लवकर पेटतो, लवकर विझतो. पापड भाजायला, दोन वांगी भाजायला किंवा कठीण कोळसा पेटवून द्यायला ठीक. धंद्याला परवडत नाही.

३) नारळाच्या करवंटीचा कोळसा कठीण असतो, आच चांगली देतो, राख कमी करतो. कोकणात मिळत असेल तर जरूर वापरा.

४) कोळशाच्या चुऱ्याच्या वड्या सारख्या आकाराच्या असल्यामुळे एकसारख्या जळतात. पण चुरा बांधण्यासाठी त्यात खळ, कधी माती घातलेली असते. माती जास्त असेल तर राखेचा ढीग होतो. आधी थोड्या घेऊन जाळून बघा.

५) दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थाखाली कधीही वापरू नका. त्यात गंधक असतं, इतरही घातक द्रव्यं असतात आणि ती धुरावाटे पदार्थावर बसतात.

हुरड्याचं मात्र वेगळं आहे. हुरड्याच्या आगटीला वाळलेल्या गोवऱ्यांचा मंद विस्तवच बरा. कणसं त्या गरम राखेत खुपसली की दाणा करपत नाही, आतपर्यंत भाजतो. तिथं कोळशाचा खर्च करू नये.

पोतं उघडून पारख करा

आवाज : दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का आणि कोरडा. बद्द आवाज आला तर ओला किंवा कच्चा.

मोड : तुकडा मोडून पाहा. आत सगळीकडे काळा आणि किंचित चमकदार असावा. आत तपकिरी लाकूड दिसलं तर भट्टी नीट भाजलेली नाही. असा कोळसा धूर करतो, डोळे चुरचुरतात आणि पदार्थाला कडवट वास लागतो.

आकार : लिंबापासून मुठीएवढे तुकडे उत्तम. फार बारीक तुकडे शेगडीत दाटून बसतात आणि हवा कोंडते. पोत्याच्या तळाशी हात घालून चुरा किती आहे तेही बघावं. वरचे तुकडे पाहून सौदा करू नये.

पाणी : खरी फसगत इथंच होते. कोळसा पाणी पितो आणि विकला जातो वजनावर. घेतलेल्या कोळशातला १ किलो अचूक तोलून कडक उन्हात तीन दिवस पसरून ठेवा आणि पुन्हा तोला. समजा ८५० ग्रॅम भरला, तर १५० ग्रॅम पाणीच होतं. या हिशेबानं २० किलोच्या पोत्यात ३ किलो पाणी झालं. किलोला ४० रुपये भाव धरला तर १२० रुपये पाण्याचे गेले. हवेतली ओल कोळसा आपोआपही थोडी धरतो, तेवढी चालायचीच. त्याहून फार जास्त निघाली तर पुढच्या वेळी दुकान बदला. शिवाय ते पाणी उडवायलाही आच खर्च होते आणि ओला कोळसा तडतडून ठिणग्या उडवतो.

राख : १ किलो कोरडा कोळसा पूर्ण जाळून राख तोला. ३० ते ५० ग्रॅम राख उरली तर माल चांगला. १०० ग्रॅमच्या वर गेली तर माती मिसळली आहे असं समजा.

साठवण आणि पेटवण

कोळसा जमिनीपासून उंच, फळीवर, छपराखाली ठेवा. भट्टीतून ताजा काढलेला कोळसा लगेच पोत्यात भरून घरात रचू नका. वरून गार दिसला तरी तो हवा ओढून आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. एक दिवस उघड्यावर पसरून मगच भरावा.

पेटवताना रॉकेल, पेट्रोल, प्लॅस्टिक किंवा रबर वापरू नका. भडक्यानं हात भाजतो आणि त्याचा वास कणसात उतरतो. वाळक्या काटक्या, करवंटी किंवा कापूर पुरे. कोळसा पेटल्यावर २० ते ३० मिनिटं थांबा. निखाऱ्यावर पांढरट राखेची साय धरली की भाजायला घ्या. ज्वाळेवर भाजलेलं वरून करपतं, आत कच्चं राहतं. मांसाची चरबी निखाऱ्यावर गळून धूर उठला तर तुकडा बाजूला सरकवा. तो धूर खाणाऱ्याच्या पोटात जाऊ नये.

हे विसरू नका, इथं जीव जातो

भाजणी संपली, निखारे शिल्लक आहेत, बाहेर थंडी आहे, म्हणून शेगडी घरात नेऊन दार लावून झोपू नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेक-शेगडीबाबत तर फारच जपलं पाहिजे. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद करतात आणि बाजेखाली निखारे ठेवतात. आई आणि तान्हं बाळ दोघांनाही त्याचा धोका आहे. ऊब हवी तर गरम कपडे, गोधडी द्या. शेगडी खोलीबाहेरच ठेवा. कुणाला त्रास झालाच तर आधी उघड्यावर आणा, मग १०८ नंबरला फोन करून दवाखान्यात न्या.

काही श्रोते विचारतात : स्वतःच्या बांधावरचं झाड तोडून कोळसा पाडला तर?

आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे कोळसा हे वनोपज आहे, त्याच्या वाहतुकीवर नियम आहेत. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या कायद्यानुसार आंबा, चिंच, खैर, मोह, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

थोडक्यात

खणखणीत वाजणारा, आतून काळा, कोरडा कोळसा घ्या. वजनाबरोबर ओलही तपासा. राखेची साय धरल्यावर भाजा. आणि पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका.

हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा. ज्या घरी बाळंतीण आहे, तिथं तर आजच सांगा.

— कृषी विस्तार अधिकारी