निकालपत्राची प्रत मिळेना

२८ एप्रिल १९९५ रोजी नीए शुबिनचे वडील त्याच्यासाठी सामान घेऊन शिजियाझुआंगच्या कोठडीवर गेले. तिथे त्यांना कळलं, की मुलाला कालच मृत्युदंड देण्यात आला. मुलगा वीस वर्षांचा, चीनच्या हेबेई प्रांतातल्या एका कारखान्यातला कामगार. मक्याच्या शेतात एका महिलेवर बलात्कार करून तिचा खून केल्याचा ठपका त्याच्यावर होता. अटक, दोन कोर्टांचे निकाल आणि शिक्षेची अंमलबजावणी, सारं सात महिन्यांत उरकलं.

दहा वर्षांनी, जानेवारी २००५ मध्ये, शेजारच्या हेनान प्रांतात वांग शुजिन नावाचा फरार इसम पकडला गेला. इतर गुन्ह्यांसोबत मक्याच्या शेतातला खूनही आपणच केल्याचं त्याने सांगितलं. तिथल्या एका वृत्तपत्राने ही हकिकत छापली आणि प्रकरण देशभर गाजलं. शुबिनची आई झांग ह्वानझी कोर्टाचे उंबरठे झिजवू लागली.

चीनमध्ये साधारणपणे दोन कोर्टांत खटला संपतो. अपिलाचा निकाल अंतिम. त्यानंतर कैदी किंवा त्याचे जवळचे नातलग कोर्टाकडे वा सरकारी अभियोग कार्यालयाकडे फेरखटल्याचा अर्ज करू शकतात. नवा पुरावा सापडला, जुना पुरावा अविश्वसनीय ठरला, कायदा चुकीचा लावला गेला किंवा न्यायाधीशाने लाच खाल्ली, तर फेरखटला घ्यावा, असं कायदा सांगतो. मात्र अर्ज केल्याने शिक्षा थांबत नाही. शिवाय हा अर्ज बहुधा अंतिम निकाल देणाऱ्या कोर्टापुढेच जातो. म्हणजे ज्यांनी निकाल दिला, त्यांच्याकडेच तो चुकला म्हणून दाद मागायची.

ह्वानझीची गाडी तर त्याच्याही आधी अडली. अर्जासोबत निकालपत्र हवं, असं कोर्ट म्हणे. आणि निकालपत्राची प्रत घरच्यांना कधी मिळालीच नव्हती. कोर्ट ती देईना. अखेर २००७ मध्ये ती प्रत मिळाली, तीही मृत महिलेच्या कुटुंबाकडून.

तिकडे इतर गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षेविरुद्ध वांगने केलेल्या अपिलात २०१३ मध्ये भलतंच दृश्य दिसलं. आरोपी म्हणतो, तो खून मीच केला. सरकारी वकील म्हणतात, नाही, तो तुझा नव्हे! हेबेईच्या उच्च न्यायालयाने सरकारी बाजू उचलून धरली. वांगची कबुली मानली असती, तर त्याच न्यायालयाचा १९९५ चा निकाल कोसळला असता.

कोंडी फुटली ती प्रकरण प्रांताबाहेर गेल्यावर. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च जन न्यायालयाने फेरतपासणी शांडोंगच्या उच्च न्यायालयाकडे सोपवली. मुदत चार वेळा वाढली, पण मार्च २०१५ मध्ये वकिलांना पहिल्यांदाच संपूर्ण फाइल वाचायला मिळाली. अटकेनंतरच्या पहिल्या पाच दिवसांच्या जबान्या तिच्यात नव्हत्या. शुबिन त्या दिवशी कामावर होता की नाही हे सांगू शकणारं कारखान्याचं हजेरीपत्रकही गायब. मृत्यूची वेळ आणि कारणही नीट सिद्ध झालेलं नव्हतं. २ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या शेनयांग इथल्या फिरत्या न्यायपीठाने शुबिनला निर्दोष ठरवलं. कुटुंबाला सुमारे २६ लाख ८० हजार युआन भरपाई मिळाली. खरा खुनी कोण, याचा निवाडा मात्र न्यायालयाने केला नाही. वांगला २०२१ मध्ये मृत्युदंड झाला, तो दुसऱ्या गुन्ह्यांसाठी.

शिक्षा भोगणारा माणूस जिवंत असला, तर फेरखटल्याने त्याची सुटका तरी होते. सिचुआनचा चेन मान १९९२ मध्ये हायनान बेटावर झालेल्या एका खुनात दोषी ठरला, पण त्याचा मृत्युदंड तहकूब ठेवला गेला आणि त्यामुळे जीव वाचला. ही शिक्षा फार सौम्य आहे, अशी तक्रार तेव्हा बेटावरच्या हायको शहरातल्या अभियोग कार्यालयाने वरच्या कोर्टात केली होती. आईवडील वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. अखेर २०१५ मध्ये त्याच यंत्रणेच्या बीजिंगमधल्या सर्वोच्च कार्यालयाने उलट बाजू घेतली आणि दोषसिद्धीलाच आव्हान दिलं. हेही प्रकरण परप्रांतात, झेजियांगच्या उच्च न्यायालयाकडे गेलं. घटनास्थळी सापडल्याचं सांगितलेल्या वस्तू मूळ खटल्याआधीच हरवल्या होत्या. उरली होती ती फक्त चेनची डळमळीत कबुली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, तेवीस वर्षांच्या कैदेनंतर, तो निर्दोष सुटला.