कानातला वाट चुकलेला खडा

इंदूरहून खंडव्याकडे निघालं की सिमरोल सोडल्यावर घाट लागतो. तिथल्या वळणांवर पुष्कळांना गरगरतं, पण गाडी थांबवून जरा मोकळ्या हवेत उभं राहिलं की बरं वाटतं. पहाटे अंथरुणात नुसती कूस बदलताच खोली फिरू लागते, ती चक्कर वेगळी. घरचे म्हणतात पित्त झालं, मान धरली, बीपी वाढलं. मग गळ्यात पट्टा येतो आणि उशाशी गोळ्या.

दोष असतो कानात. अंतर्कर्णातल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकट थरावर बसलेले असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत, बहुधा मागच्या, घरंगळतात. डोकं हललं की ते आतला द्रव ढकलतात आणि डोकं फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. स्फटिक तळाशी बसले की, साधारण मिनिटाच्या आत, सगळं शांत. एमआरआयमध्ये हे खडे दिसत नाहीत.

दिसतात ते डोळे. 1952 साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी मांडलेल्या तपासणीत मान 45 अंश वळवून रुग्णाला झटकन उताणं निजवतात, डोकं पलंगाच्या कडेबाहेर किंचित खाली. काही सेकंदांत बुबुळं गोल फिरत उसळू लागतात. बिघाड कुठल्या कानात, हे डोळे सांगतात!

उपाय अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांचा. 1980 साली त्यांनी तो दाखवला तेव्हा सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. सविस्तर लेख छापून यायला 1992 उजाडलं. जत्रेतलं गोळीचं खेळणं तिरकं करत गोळी घरात पोचवतात ना, तसंच. डोकं आधी बिघडलेल्या कानाच्या बाजूला, मग दुसऱ्या, मग अंगासकट कुशीवर, शेवटी उठून बसायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. खडे पिशवीत परततात. अनेकांना एकदोन खेपांतच आराम पडतो. गोळ्यांनी मळमळ दबते, खडा हलत नाही. यंत्रही लागत नाही. सिमरोलच्या घरातला पलंग आणि फिजिओथेरपिस्टचे सरावाचे हात पुरतात.

व्हिडिओ पाहून मात्र करू नये, बाजू चुकते. आणि बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर व्यायाम नको, थेट रुग्णालय.

चक्कर गेली तरी धास्ती उरते. उशांना टेकून बसल्याबसल्या झोपायची सवय लागलेली असते, मान वर करायची भीती वाटते. वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढायला लावणं, हाही त्या उपचाराचाच भाग.